जुन्या टू-इन-वनचे ट्वीटर बदलताना कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा घालावा?

तुमचा प्रश्न असा: वडिलांचा ऐंशीच्या दशकातला स्टिरिओ टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) आहे, दोन्ही बाजूंचे ट्वीटर, म्हणजे बारीक सूर वाजवणारे छोटे स्पीकर, गप्प आहेत. ट्वीटरच्या जुन्या वायरीत खालचे सूर अडवणारा २.२ मायक्रोफॅरडचा (हे कंडेन्सरचं माप) कंडेन्सर आहे, आणि गडहिंग्लजचा दुकानदार म्हणतो, "४.७ घाला, सगळ्याला चालतो." मग कोणता घालायचा?

आधी ट्वीटर ठरवा, मग कंडेन्सर. हा आकडा टेपच्या मॉडेलवर ठरत नाही, ट्वीटरवर ठरतो. कंपनीने २.२ घातला तो त्या जुन्या, बहुधा कागदी कोनच्या ट्वीटरला बघून. ट्वीटर बदलला की तो हिशोब संपला. दुकानदाराचा ४.७ बऱ्याच ठिकाणी चालतो हे खरं, पण "सगळ्याला" नाही.

कोल्हापुरात घरीच जुने टेप-रेडिओ उघडून बसायचा मला बऱ्याच वर्षांचा नाद आहे. त्या अनुभवावरून सांगतो, नवीन ट्वीटर आणण्याआधी जुना खरंच गेलाय का ते बघा. एक वायर सोडवा, मीटर ओमवर ठेवा आणि ट्वीटरच्याच दोन टोकांना लावा. ८ ओमचा चांगला ट्वीटर साधारण ६ ते ७ ओम दाखवतो, ४ ओमचा साडेतीनच्या आसपास. एवढं रीडिंग आलं तर कॉइल शाबूत आहे आणि गेलाय तो बहुधा कंडेन्सर. इलेक्ट्रोलिटिक (आत ओलं रसायन असलेला) कंडेन्सर इतक्या वर्षांत आतून सुकतो आणि बारीक आवाज हळूहळू मरतो. दोन्ही बाजू एकदम गप्प असतील तर माझा पहिला संशय त्याच्यावरच जातो. तसं निघालं तर काम सोपं: मूळ ट्वीटर ठेवा आणि २.२ च्या जागी नवीन २.२ घाला.

मीटर हललाच नाही तर कॉइल तुटली आहे, किंवा ट्वीटर पिझो, म्हणजे कॉइलऐवजी सिरॅमिक चकतीवर वाजणारा आहे. पिझोच्या मागे लोहचुंबक नसतं, स्क्रूड्रायव्हर चिकटत नाही. त्याला हा हिशोब लागूच नाही, कारण तो स्वतःच कंडेन्सरसारखा वागतो. पिझोच्या जागी पिझो बसवणार असाल तर आयसीच्या (आवाज वाढवणाऱ्या चिपच्या) सुरक्षेसाठी सिरीजमध्ये, म्हणजे त्याच्याच एका वायरीत, ३० ते ५० ओमचा रेझिस्टन्स पुरे.

आता कॉइलवाल्या नवीन ट्वीटरचा हिशोब. १,५९,००० ला ट्वीटरच्या ओमने भागा, मग कंडेन्सरच्या मायक्रोफॅरडने भागा. येतो तो आकडा हर्ट्झमध्ये. त्या ठिकाणी ट्वीटरला निम्मी पॉवर मिळते आणि त्याच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबलने कमी होत जाते. ८ ओमला ४.७ घातला तर ४२०० हर्ट्झ, ३.३ घातला तर ६०००, २.२ घातला तर ९०००. तोच ४.७ तुम्ही ४ ओमच्या ट्वीटरला घातलात की आकडा थेट साडेआठ हजारावर जातो. म्हणून ओम माहीत असल्याशिवाय "४.७ घाला" या सल्ल्याला अर्थ नाही.

किती हर्ट्झ ठेवायचे? इथं मी सावध माणूस आहे, वरच राहतो. प्रत्येक ट्वीटरला स्वतःची रेझोनन्स फ्रीक्वेन्सी असते, म्हणजे ज्या सुराला त्याचा पडदा आपोआप जास्त थरथरतो तो आकडा. छोट्या ट्वीटरची १५०० ते २५०० हर्ट्झच्या दरम्यान सापडते, चांगल्या मालाच्या कागदावर लिहिलेली असते. एकट्या कंडेन्सरचा उतार फार सौम्य आहे. खालचे सूर कमी होतात, पण पडद्याची हालचाल रेझोनन्सपर्यंत खाली येताना वाढतच राहते. शिवाय रेझोनन्सपाशी ट्वीटरचे ओम चढतात, त्यामुळे नेमका तिथंच कंडेन्सर कमी अडवतो. म्हणून रेझोनन्स २००० असेल तर ४२०० हर्ट्झ कागदावर दुप्पट दिसले तरी मोठ्या आवाजात ट्वीटर ओरडतो; "स" आणि "श" कानात टोचायला लागले की समजा, तो झेपेना झालाय. ८ ओमच्या साध्या ट्वीटरला मी ५००० ते ६००० हर्ट्झ धरतो. टू-इन-वनच्या मोठ्या स्पीकरला बहुतेक वेळा वरचे सूर अडवणारी वेगळी कॉइल लावलेलीच नसते, तो वरपर्यंत वाजत असतो. ट्वीटरने फक्त शेंडा सांभाळायचाय.

म्हणजे ८ ओमला ३ ते ४ मायक्रोफॅरड. आता तो मिळवायचा कुठं? स्पीकरला उलटसुलट करंट जातो, त्यामुळे प्लस-मायनस खूण असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक एकटा घालायचा नाही. बायपोलर हवा, त्यावर एनपी किंवा बीपी लिहिलेलं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो मिळून जाईल. आपल्याकडे दर वेळी मिळेलच असं नाही, तेव्हा सिलिंग फॅनचा कंडेन्सर घ्या. हे जुगाड म्हणून सांगत नाही. फॅनचा कंडेन्सर आतून पॉलिप्रोपिलीन फिल्मचा असतो. त्याला प्लस-मायनस नाही, तो सुकत नाही, आणि ४४० व्होल्ट एसीचा म्हणजे आपल्या कामाला गरजेपेक्षा कितीतरी दणकट. ऑडिओवाले हौशी लोक फिल्म कंडेन्सरला चांगले पैसे मोजतात, तो तुम्हाला कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ३.१५ मायक्रोफॅरडचा सगळीकडे असतो. ८ ओमला ६३०० हर्ट्झ होतात. ४ चा मिळाला तर ५०००. नवीनच घ्या, दोन्ही बाजूंना एकाच मापाचा. आकाराने तो मोठा आहे, म्हणून मागच्या झाकणात जागा आधी बघा आणि ग्लू गनने पक्का चिकटवा, नाहीतर बासला खडखडेल.

जागाच नसेल तर १० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक घ्या, त्यांचे मायनस एकमेकांना जोडा आणि दोन्ही प्लस बाहेर काढा. ५ मायक्रोफॅरडचा बायपोलर तयार होतो. ट्वीटरचा रेझोनन्स कमी असेल तर हे चांगलं चालतं.

ट्वीटर ८ ओमचाच निवडा. कारचे बहुतेक ४ ओमचे असतात. ते मोठ्या स्पीकरला समांतर लागले की वरच्या सुरांना आयसीवर ताण येतो आणि हीटसिंक तापतो. कारच्या ट्वीटरच्या वायरीत बऱ्याचदा कंडेन्सर आधीच असतो, तो न बघता दुसरा सिरीजमध्ये घातलात तर एकूण मायक्रोफॅरड दोन्हींपेक्षा कमी होतात. आणि गणपतीत डॉल्बीला लावतात तसले हॉर्न-बुलेट ट्वीटर कुणी स्वस्तात दिले तरी नको. त्यांचा आवाज इतका पुढे येतो की टेपचा गोडवाच जातो.

नवीन ट्वीटर थोडा जास्त तिखट वाटला तर सिरीजमध्ये ३.९ ओम, ५ वॅटचा रेझिस्टन्स घाला. मात्र हिशोब बदलतो: आता कंडेन्सरला ८ नाही, जवळपास १२ ओम दिसतात. ३.१५ वर ६३०० होते ते ४२०० वर येतात. म्हणून रेझिस्टन्स घातला की कंडेन्सरही कमी मापाचा घाला. २.२ ला पुन्हा ६००० येतात. बघा, तुमचा जुना आकडा इथं बरोबर बसतो, पण वेगळ्या कारणाने.

जोडताना ट्वीटरच्या दोन्ही वायरी मोठ्या स्पीकरच्या दोन टोकांवरच घ्या, कंडेन्सर त्यातल्या एका वायरीत. मायनस सरळ चासीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) लावू नका. काही मॉडेलमध्ये आयसी ब्रिज पद्धतीने चालतो, तिथं स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात. एक चासीला टेकवलं की आयसी जाऊ शकतो. डाख देण्याआधी प्लग आणि सेल दोन्ही काढा.

तपासणी मीडियम वेव्हवर करू नका. तिथलं एखादं स्टेशन लावून "ट्वीटर वाजत नाही" म्हणाल, पण मीडियम वेव्हवर साडेचार हजार हर्ट्झच्या वर फारसं काही येतच नाही, ट्वीटर वाजवणार काय? एफएम लावा, किंवा भजनाची चांगली कॅसेट: टाळ सुटे ऐकू आले पाहिजेत, एकमेकांत मिसळून किणकिणाट होता कामा नये. मग एका ट्वीटरच्या वायरी उलटून त्याच ओळी पुन्हा ऐका. ज्या जोडणीत आवाज भरीव वाटेल ती ठेवा आणि दुसऱ्या बाजूलाही तशीच करा.

मीटरचं रीडिंग आणि जुन्या ट्वीटरच्या मागचा फोटो इथं टाका. कॉइल शाबूत निघाली तर नवीन ट्वीटरवर पैसे घालवू नका.