हवामान बदल शिकतोयस? आधी एवढंच पक्कं कर

भाऊ, तुझा उत्साह बघून खरंच बरं वाटलं, पण लगेच मॉडेल आणि ग्राफमध्ये घुसू नको, ते नंतर.

पहिलं म्हणजे रोजची हवा वेगळी आणि हवामान वेगळं. मे मध्ये भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की लगेच क्लायमेट चेंज, आणि जानेवारीत रावेरकडे थंडीने केळी करपली की सगळं खोटं, असं नसतं रे, निदान ३० वर्षांची सरासरी बघायची.

मग हरितगृह परिणाम, याला मात्र वेळ दे. जमीन उन्हाने तापते, ती उष्णता परत वर सोडते आणि हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड त्यातली बरीचशी अडवतात. हिवाळ्यात आभाळ आलं की रात्री थंडी कमी वाटते ना, ढगही तेच करतात. हे काहीच नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं, आज ते साधारण १५ आहे. म्हणजे हा परिणाम मुळात गरजेचाच, प्रॉब्लेम तो वाढतोय हा आहे. कारखाने येण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० होता, आता ४२० च्या वर गेलाय, मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून.

नवीन लोक हमखास इथे चुकतात:
- ओझोनचं भोक, म्हणजे वरच्या हवेतला ओझोनचा थर विरळ होणं, यालाच तापमानवाढ समजतात, ते वेगळं आहे
- एल निनोलाच हवामान बदल म्हणतात, ते पॅसिफिक महासागराचं पाणी तापण्याचं नैसर्गिक चक्र आहे, दर २ ते ७ वर्षांनी येणारं
- समुद्र विसरतात, जास्तीच्या उष्णतेतली जवळपास ९० टक्के तोच पोटात घेतो

आजपासून गावचं कमाल-किमान तापमान वहीत लिहायला लाग, आणि अडलं की बिनधास्त विचार.