मैफलीतून ध्वनिमुद्रिकेकडे

पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला पहिल्यांदाच जाऊन आलास आणि आता 'काय ऐकू?' असं विचारतोयस. पटकन दहा अल्बमची यादी मागू नकोस. जो गायक आवडला, त्याने त्या दिवशी कोणता राग गायला, बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गीताचे, शब्द काय होते, हे आजच वहीत उतरव. आठवड्याने आठवत नाही. मग त्याच रागाचं त्याच कलाकाराचं ध्वनिमुद्रण शोध.

एक लक्षात ठेव. जुन्या एलपी तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटंच मावत, त्यामुळे तासाभराचा विस्तार तिथे मिळणार नाही. म्हणून मैफलींची नंतर प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणंही ऐक.

गायिका किशोरीताई आमोणकरांना मी कॉलेजात असताना प्रत्यक्ष ऐकलं, पण तेव्हा फार काही पोचलं नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या भूप रागाची ध्वनिमुद्रिका, 'प्रथम सुर साधे' आणि पाठोपाठ 'सहेला रे', एका पहाटे लावली. तेच स्वर, पण षड्जावरचं, म्हणजे 'सा'वरचं, ते थांबणं आत्ता कुठे कानात शिरलं. डोळे भरून आले. त्यामुळे एखादं नाव आज सोडून दिलंस, तरी कायमचं खोडू नकोस.

मित्राला सुचवताना एकच अल्बम दे, आणि का ते सांग. वाद्यसंगीत नवं असेल त्याला मी 'कॉल ऑफ द व्हॅली' देतो: संतूर, बासरी, गिटार. सोबत एवढंच सांगतो, फोन बाजूला ठेवून ऐक.