जनुकांचे 'नियंत्रण' की 'नियमन'?

प्रश्न असा आहे: 'नत्राच्या उपलब्धतेनुसार नील-हरित शेवाळातील जनुकांचे नियंत्रण' हे शीर्षक बरोबर, की 'नियंत्रण'च्या जागी 'नियमन' हवे?

'नियमन' हवे. व्युत्पत्ती इथे निवाडा करत नाही, कारण दोन्ही शब्द शेवटी 'यम्', म्हणजे आवरणे, याच धातूपाशी पोचतात. फरक वापराने पडला आहे. कीड नियंत्रण, तण नियंत्रण, आगीवर नियंत्रण: सगळीकडे नको असलेली गोष्ट दाबायची आहे. प्रत्ययही पाहा. नियंत्रण कशा'वर' तरी ठेवतात किंवा मिळवतात. नियमन कशा'चे' तरी करतात. सभेचे नियमन, शरीराच्या तापमानाचे नियमन. त्यात वाढवणे आणि घटवणे दोन्ही येते.

आता पेशीत काय घडते ते बघू. सायनोबॅक्टेरिया, म्हणजेच नील-हरित शेवाळ (नाव शेवाळ असले तरी हे जीवाणूच), ज्या कार्बनी सांगाड्याला अमोनियम (नत्राचे एक रूप) जोडून घेतात तो म्हणजे २-ऑक्सोग्लुटारेट. नत्र कमी पडले की तो न वापरता साठत जातो, आणि हा साठाच टंचाईची वर्दी ठरतो. तो एनटीसीए नावाच्या प्रथिनाला चिकटतो आणि ते प्रथिन डीएनएवर नेमक्या जागी घट्ट बसते. मग ग्लुटामिन सिंथेटेज, म्हणजे अमोनियम जोडणारे विकर (एन्झाइम), बनवणारे जनुक जोरात चालते. त्याच विकराला निष्क्रिय करणाऱ्या प्रथिनांची जनुके मंदावतात. एकच प्रथिन एकाला चढवते, दुसऱ्याला उतरवते. याला 'नियंत्रण' म्हटले तर निम्मी गोष्ट हरवते.

अ‍ॅनाबीना या माळेसारख्या वाढणाऱ्या सायनोबॅक्टेरियामध्ये तर हे डोळ्यांनी दिसते. नत्राचा पुरवठा तोडल्यावर साधारण दिवसभरात माळेतली दर दहा-वीस पेशींमागे एक पेशी जाड भिंतीची, फिकट होते. ही पेशी हवेतला नायट्रोजन बांधते; ते काम करणारे विकर ऑक्सिजनने बिघडते, म्हणून ती ऑक्सिजन सोडणेच थांबवते. मला ही माळ फार सुंदर वाटते.

'एनटीसीए जनुकांवर नियंत्रण ठेवते' हे वाक्य मात्र चुकीचे नाही; तिथे कर्ता समोर आहे. शीर्षकात प्रक्रिया सांगायची आहे.

आणि 'नत्र' बदलून 'नायट्रोजन' करू नका. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि भातखाचरात हेच निळे-हिरवे शेवाळ जैविक खत म्हणून सोडतात. हवेतल्या वायूबद्दल लिहिताना नायट्रोजन, पेशीला मिळणाऱ्या पोषणाबद्दल लिहिताना नत्र, असे मी करतो.