चोपड्याकडे दोन एकर घेऊन ऑफ ग्रिड राहायचंय ना, मग आधी पाण्याचा हिशोब मांडा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. नोकरी सोडून जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला दोन एकर घ्यायचे, सरकारी वीज न घेता सोलर लावायचं, दोन गाई, घरचं धान्य-भाजीपाला, चार माणसांचं कुटुंब, अन् किती किलोवॅटचे पॅनल घेऊ असं विचारलंय तुम्ही. आम्ही शेतावरच राहतो, वायर आमच्यापर्यंत आलेलीच नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितो. पॅनलचं मी शेवटी सांगेन कारण आपल्या खान्देशात ती सगळ्यात सोपी गोष्ट आहे, ऊन भरपूर आहे. अडतं ते पाण्यावर.

जमीन बघायला ऑगस्टमध्ये अजिबात येऊ नका. तेव्हा नाले वाहत असतात, डोंगर हिरवागार, माणूस भुलतो अन् बयाणा देऊन बसतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास या, तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर असतो, विहिरीत डोकावून बघा काय उरलंय. पायथ्याच्या पट्ट्यात खाली दगडगोट्यांचा अन् वाळूचा थर आहे, त्याला बजाडा म्हणतात, पाऊस त्यात भराभर मुरतो पण पाणी खूप खोल राहतं, अन् त्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला यावल-रावेरकडे केळीसाठी इतका उपसा झालाय की बोअर शेकडो फूट खाली गेलेत. विकणारा म्हणणारच की बारमाही पाणी आहे. तुम्ही गावात मोटारी काढणारा-बसवणारा जो माणूस असतो ना, त्याला चहा पाजा अन् विचारा की या शिवारात गेल्या काही वर्षात पाईप किती वाढवावे लागले. त्याला प्रत्येक बोअरची खोली तोंडपाठ असते अन् त्याला तुमची जमीन विकायची नसते.

आता हिशोब. चार माणसं अगदी काटकसरीने वागली तरी रोज २०० लिटर. दोन गाई उन्हाळ्यात १०० लिटर पितात. कूलर लावला तर ८०-१०० लिटर तोच उडवतो, अन् मे महिन्यात कूलरशिवाय लहान मुलं झोपत नाहीत. गोबरगॅस करायचा म्हटला तर चार जणांच्या स्वयंपाकाला २ घनमीटरचा लागतो, त्याला रोज ५० किलो शेण म्हणजे चार-पाच जनावरं, अन् शेणाइतकंच पाणी कालवायला. म्हणजे दोन गाईंवर तो चालणारच नाही, चूल धरूनच चला, कपाशीच्या पऱ्हाट्या अन् तुरीच्या काड्या वर्षभर पुरतात. अन् भाजीपाला, दोन गुंठे ठिबकवर ठेवला तरी उन्हाळ्यात रोजचे हजार-बाराशे लिटर. सगळं मिळून दिवसाला दीड हजार लिटर झाले, अन् फेब्रुवारी ते अर्धा जून धरला तर दोन लाख लिटर.

लोक म्हणतात पत्र्याचं पाणी साठवू. साठवाच, पण किती मिळेल ते बघा. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर, ५० चौरस मीटर पत्रा अन् ६५० मिलिमीटर पाऊस धरला, वाया जाणारं वजा केलं, तर २६ हजार लिटर. प्यायला-स्वयंपाकाला उत्तम, शेतीला काहीच नाही. शेततळं केलं तर मे महिन्यात नुसत्या उन्हाने महिन्याला फूटभर पाणी उडून जातं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की उन्हाळी भाजीपाला विसरा. वांगी, मिरची, गिलके, दोडके हे पावसाळ्यात-हिवाळ्यात पोटभर खा, मार्चच्या आत मिरच्या, गवार, भेंडी वाळवून ठेवा, कैरी आली की तीही वाळवा, अन् दोन महिने डाळ, वाळवण, बिबडे, कळण्याची भाकर असं काढा. आपल्या आज्या हेच करायच्या अन् ते गरिबीमुळे नाही, पाण्याच्या हिशोबामुळे.

पत्र्यावरून आठवलं, घर पत्र्याचं बांधू नका. दुपारी आत बसवत नाही अन् बॅटरी तर त्या गरमीने लवकर मरते, साध्या लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंश तापमान वाढलं की जवळपास अर्धं होतं. जुन्या पद्धतीचं धाब्याचं घर करा, जाड मातीच्या भिंती, वर लाकूड, काड्या, मातीचा थर. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकून नीट चोपावी लागते, नाहीतर गळतं. पण धाब्यावरून येणारं पाणी गढूळ असतं, ते साठवता येत नाही. म्हणून राहायला धाबं अन् पत्रा गोठ्यावर, पन्हाळ अन् टाकी गोठ्याला लावा. पहिल्या दोन-तीन पावसाचं पाणी सोडून द्या, पत्र्यावरची धूळ अन् पक्ष्यांची घाण वाहून जाऊ द्या.

धान्याचं बोलायचं तर चार जणांना वर्षाला पाच क्विंटल ज्वारी धरा. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, ती काळ्या जमिनीत पावसाच्या ओलीवर येते, जिरायत एकरी चार-सहा क्विंटल निघते, वर गाईंना कडबा. म्हणजे एक एकर दादरलाच गेला. अन् एक गोष्ट कोणी सांगत नाही, आजूबाजूला सगळी कपाशी अन् केळी असेल अन् तुम्ही एकटेच ज्वारी पेराल तर अख्ख्या शिवारातले पक्षी तुमच्याच कणसांवर बसतात. दाणा दुधात आल्यापासून पहाटे अन् संध्याकाळी राखण लागतेच, एक माणूस त्यातच जातो. रात्री रानडुकरं वेगळी. काढल्यावर कोठीत भरायची घाई करू नका, चांगलं ऊन द्या, दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून फुटला पाहिजे, नुसता दबला तर अजून ओल आहे अन् पावसाळ्यात त्याला टोके म्हणजे किडे लागणारच. कोठीत थराथराने कडुनिंबाचा सुका पाला. तेलाचं म्हणाल तर महिन्याला चार लिटर लागत असेल तर वर्षाला सव्वा क्विंटल शेंगदाणे लागतात, तेवढा भुईमूग अन् तूर दुसऱ्या एकरात निघू शकतो पण मग विकायला काही उरत नाही, अन् मीठ, औषधं, शाळा, रिचार्ज, कपडे याला नगद लागतेच. दोन एकरात पोट भरेल, खर्च भागणार नाही, थोडं बाहेरचं उत्पन्न धरूनच या.

सोलर. एक किलोवॅट पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. फ्रीज एक युनिट, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे, लाईट, मोबाईल, मिक्सर मिळून दीड-दोन, रात्रभर कूलर दोन. म्हणून २ किलोवॅट अन् पाच युनिटची लिथियम बॅटरी. उन्हाळ्यात पॅनल तापून थोडं कमी देतं, खरी परीक्षा जुलैत, सलग ढग असले की फ्रीज बंद ठेवायची तयारी हवी. काचेवरची धूळ आठवड्याला पुसा. विहिरीसाठी मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आहे, खुल्या वर्गाला १० टक्के अन् अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के भरावे लागतात, अडीच एकरापर्यंत ३ एचपी मिळतो. पण त्याला सातबारा तुमच्या नावावर लागतो.

अन् सातबाऱ्यावरच बऱ्याच जणांचं घोडं अडतं. घरात कोणाची शेती नसेल तर १९४८ च्या कूळकायद्याने परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पायथ्याच्या गावांमध्ये बरीच जमीन आदिवासी खातेदारांची आहे, ती बिगर आदिवासीला परवानगीशिवाय होत नाही, दलाल सांगेल की करून देतो, त्याच्या नादी लागू नका, तो त्या कुटुंबावरही अन्याय आहे. विहीर सामाईक असेल तर कोणाची पाळी कधी हे लिहून घ्या. रस्ता कागदावर आहे का बघा, काळ्या मातीत पावसाळ्यात मोटरसायकलची चाकं फिरत नाहीत, पेशंट खांद्यावर न्यावा लागतो.

त्यावरून साप. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते अन् बऱ्याचदा दुखतही नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे हे आल्या आल्या विचारून ठेवा, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अन् शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे नंबर घ्या, रात्री दोनला ट्रॅक्टर तेच काढतात. त्यांच्या निंदणी-काढणीला तुम्हीही जात जा.

लगेच विकत घेऊ नका. एखादं शेत आखाजीपासून आखाजीपर्यंत खंडाने घ्या, तिथेच राहा, एक उन्हाळा काढा. कोणतं गाव बघताय अन् विहिरीला आत्ता किती पाणी आहे ते इथे टाका, त्या शिवारातला कोणी ओळखीचा असला तर मी विचारून सांगतो.