स्लॅक आणि ट्रेलो जोडताय? आधी एकच झॅप करा

अरे, पहिल्याच दिवशी सगळं सगळ्याला जोडायला जाऊ नकोस. झॅपिअर म्हणजे दोन ॲप आपोआप जोडून देणारी सेवा, आणि त्यातली अशी एक जोडणी म्हणजे झॅप. त्यात एक ट्रिगर (काय झालं की सुरू व्हायचं), एक ॲक्शन (मग काय करायचं), बास. माझं ऐकशील तर ट्रिगर म्हणून स्लॅकमधली (टीमच्या चॅटचं ॲप) "नवीन रिॲक्शन", म्हणजे मेसेजवर कुणी इमोजी टाकणं, हे घे, चॅनलवरचा प्रत्येक मेसेज घेऊ नकोस, कारण मग "ओके", "जेवायला चाललो" ह्याचीपण ट्रेलोत (कामांची कार्डं बोर्डवर लावायचं ॲप) कार्डं होतात आणि आठवड्याभरात तो बोर्ड कुणी उघडत नाही. त्यापेक्षा टीमला सांग, जे खरंच काम आहे त्यावर पिनचा इमोजी टाका, तेवढ्याचंच कार्ड होईल. कार्डाच्या डिस्क्रिप्शनमधे मूळ मेसेजची लिंक नक्की टाक, महिन्याने "हे कोणी सांगितलं होतं" विचारायची वेळ येते तेव्हा तीच लागते.

फ्री प्लॅनमधे महिन्याला १०० टास्क मिळतात आणि प्रत्येक यशस्वी ॲक्शन म्हणजे एक टास्क, तेव्हा जपून वापर.

आणि हो, सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही बाजूंनी झॅप लावलास तर लूप होतो, आमच्याकडे झालाय, नवीन कार्ड आलं की स्लॅकवर मेसेज, त्या मेसेजचं परत कार्ड, त्याचा परत मेसेज, सकाळी येऊन बघतो तर बोर्डवर एकाच नावाची कार्डं खालपर्यंत आणि महिन्याचा कोटा संपलेला. मेसेजवरच ट्रिगर लावायचा असेल तर बॉटचे (म्हणजे झॅपसारख्यांनी आपोआप टाकलेले) मेसेज धरायचे का विचारतात तिथे "नाही" निवड. चालू करण्याआधी दोघातिघांच्या टेस्ट चॅनलवर चार दिवस चालवून बघ, अडलं तर झॅप हिस्टरी उघड, कुठल्या स्टेपला एरर आली ते तिथे दिसतं.