वेबसाइट राहू द्या, आधी पाटल्या सोडवा

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या आणि त्यांच्या सासूबाई घरी आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आंबापोळी, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला करतात. वर्षाची विक्री साधारण साडेचार लाखांची. निम्म्याहून जास्त माल तारकर्लीच्या रस्त्यावरच्या स्टॉलवर जातो, बाकीचा फोनवर ऑर्डर घेऊन मुंबई-पुण्याला. यजमान ट्रॉलरवर खलाशी आहेत, वय ४३. आता एक कंपनी दीड लाखात वेबसाइट, अ‍ॅप आणि सहा महिन्यांचं ‘डिजिटल मार्केटिंग’ देऊ करते आहे. महिन्याला तीनशे ऑर्डर येतील असं ते सांगतात. ताईंकडे नेमके दीड लाख साठले आहेत. ते घालू का, एवढाच त्यांचा प्रश्न.

ताई, घालू नका. का, ते पुढे सांगतो. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘जूनमध्ये पॉलिसीचा एक लाखाचा तिसरा हप्ता आहे. मागच्या वर्षी पाटल्या ठेवून भरला, या वर्षी ऑनलाइनच्या पैशांतून निघेल.’ ते वाचून मी तुमचा मूळ प्रश्न बाजूला ठेवला.

ही पॉलिसी आली कुठून? तुम्ही बँकेत मुद्रा कर्ज (लहान धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं) मागायला गेलात, वाळवणाच्या शेडसाठी आणि पॅकिंग मशीनसाठी, तीन लाखांचं. ‘पॉलिसी घेतल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही’ असं तुम्हाला सांगितलं गेलं, आणि कर्ज खात्यात पडलं त्याच दिवशी त्यातले एक लाख हप्ता म्हणून वळते झाले. म्हणजे पहिला हप्ता कर्जातून आणि दुसरा सोनं तारण ठेवून. मुद्राच्या साडेसहा हजारांच्या मासिक हप्त्यातले दोन हजारांहून जास्त तुम्ही शेडसाठी नव्हे, या पॉलिसीसाठी भरताय. पाटल्यांवर पतसंस्थेचं व्याज महिना एक टक्का, म्हणजे वर्षाला आणखी बारा हजार.

आणि मिळणार काय? तुम्ही पाठवलेल्या कागदाप्रमाणे दहा वर्षं एकेक लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर सुमारे पंधरा लाख मिळणार. दहाचे पंधरा झाले हे ऐकायला बरं वाटतं, पण परतावा जेमतेम चार टक्के पडतो. हेच पैसे पोस्टात पीपीएफमध्ये भरले असते तर आजच्या ७.१ टक्के दराने एकवीस लाखांच्या आसपास झाले असते. बारा टक्क्यांनी उचलायचं आणि चार टक्क्यांत गुंतवायचं, हा व्यवहार कुठल्याही हिशेबात बसत नाही. ज्यांच्या घरी जूनमध्ये एक रुपया येत नाही त्यांना जूनचा वार्षिक हप्ता गळ्यात मारणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्याला, पावसामुळे स्टॉल बंद, मुलांच्या शाळा सुरू होतात, आणि तुमची सगळी रोकड नुकतीच कोकमात अडकलेली असते. मालवणातल्या बँकेत बसलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं मी मानत नाही.

आता काय करायचं? पॉलिसी मोडून टाका, असं मी घाईने सांगणार नाही. दोन हप्ते भरून झालेत. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ केली तर मुदतीअखेर किती मिळतील. सरेंडरला भरलेल्या रकमेच्या तीस टक्के, म्हणजे साठ हजारच हातात येणार असतील आणि पेड-अप केल्यावर तेरा वर्षांनी दोन लाख मिळणार असतील, तर पेड-अप करा. साठ हजारांचे तेरा वर्षांत दोन लाख व्हायला जवळजवळ दहा टक्के व्याज लागतं आणि ते कुठली मुदत ठेव देत नाही. सरेंडरची रक्कम बरीच जास्त निघाली तर मात्र पैसे काढून मुद्रा कर्जात भरा. तिसरा हप्ता दोन्ही प्रकारांत भरायचा नाही. ‘हप्ता चुकला की सगळं बुडालं’ असा फोन येईल, त्याला बळी पडू नका. आणि बँकेत जाऊन या हप्त्याचं ऑटो-डेबिट लेखी अर्ज देऊन बंद करा, पोच घ्या. नाहीतर जूनमध्ये खात्यात जे असेल ते परस्पर जाईल.

त्याचबरोबर तक्रारही करा. कर्जासाठी पॉलिसीची सक्ती करता येत नाही. कर्जवाटपाची तारीख आणि पॉलिसीच्या हप्त्याची तारीख एकच आहे, पासबुकातली ती दोन ओळींची नोंद हाच तुमचा पुरावा. आधी बँकेला आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

दीड लाखांतले एक लाख दहा हजार पतसंस्थेत भरून पाटल्या याच आठवड्यात घरी आणा. मुद्दल आणि आजवरचं व्याज त्यात भागेल.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत. पॉलिसी तुमच्या नावावर दहा लाखांची, आणि समुद्रावर जातात ते यजमान. त्यांचा विमा शून्य. त्यांच्या बचत खात्यावर प्रधानमंत्री जीवन ज्योती (वर्षाला ४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये) उद्याच सुरू करा. प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण मिळतं, त्यातला सुरक्षा विमा अपघातापुरता. त्यानंतर पंचवीस लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स बघा. वर्षाला आठ-दहा हजारांच्या आसपास जातील. त्यात पैसे परत मिळत नाहीत, आणि परत मिळणारा प्लॅन कोणी सुचवला तर घेऊ नका.

आता वेबसाइट. पाव किलो आमसुलांचं पाकीट तुम्ही दीडशेला विकता. करायला नव्वद रुपये पडतात असं तुम्हीच लिहिलंय. पाऊच, लेबल, खोका पंधरा, मुंबईचं कुरिअर साठ. झाले एकशे पासष्ट. प्रत्येक पाकिटामागे पंधरा रुपयांचा तोटा, आणि यात जाहिरात धरलेलीच नाही. हजार रुपयांची एकत्र ऑर्डर असेल तर माल सहाशेचा, पॅकिंग आणि कुरिअर दोनशे, हातात दोनशे. दीड लाख वसूल व्हायला अशा साडेसातशे ऑर्डरी हव्यात, आणि पॉलिसीचा हप्ता त्यातूनच काढायचा म्हटलं तर आणखी पाचशे. आज फोनवर तुमच्या वर्षाला दोनशे ऑर्डरी होतात. महिन्याला तीनशे कुठून येणार, हे त्या कंपनीला करारात लिहून द्यायला सांगा. देणार नाहीत.

शिवाय तीनशे आल्या तर पाठवणार काय? तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी गणपतीआधीच आमसुलं संपली आणि मुंबईच्या गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागलं. तेव्हा तुम्हाला गिऱ्हाईक कमी पडत नाही, माल कमी पडतो. कोकम एप्रिल-मेमध्ये पिकतं, साल काढून मीठ घातलेल्या कोकमाच्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, हे चार-पाच वेळा आणि तेही मिरगाच्या आत. त्या पाच-सहा आठवड्यांत हातात रोकड असली तरच पुढचं वर्षभर विकायला माल राहतो. पाटल्या सोडवून उरलेले चाळीस हजार तिथे घाला. शेड तर आता झालेलीच आहे.

ऑनलाइन विकूच नका असं नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग फुकट होतो. हजारच्या खालची ऑर्डर घेऊ नका. आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी, मसाला असा एकच संच करा. आगळाची बाटली जड, फुटली तर इतर पाकिटंही भिजवणार, म्हणून ती कुरिअरने नको. मुंबईला जाणाऱ्या लक्झरीतून पाठवत असाल तेवढीच ठेवा. पैसे आधी घ्या, पण आलेला अ‍ॅडव्हान्स माल पोचेपर्यंत वेगळ्या खात्यात राहू द्या. आठवड्यातले दोनच दिवस पार्सलचे. मोठ्या बाजारपेठेच्या अ‍ॅपवर जायचंच तर पुढच्या वर्षी, एखाद्याच वस्तूसाठी आणि त्यांचं कमिशन धरून किंमत ठरवून. राज्याबाहेर तिथून करपात्र माल विकायचा तर जीएसटी नोंदणी लागते, तो खर्चही धरा.

एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थ विकण्यासाठी लागणारी अन्नसुरक्षेची नोंदणी तुमच्याकडे आहे की नाही, हे पत्रात कुठे नाही. नसेल तर आधी करा. लहान उद्योगाला सरकारी फी वर्षाला शंभर रुपये आहे. तो नंबर, वजन, बॅच, तारीख, किंमत आणि तक्रारीसाठी फोन पाकिटावर हवाच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, त्या भागाचीच खास वस्तू अशी सरकारी ओळख) मिळालं आहे. ते नाव लेबलवर वापरायचं तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. वेबसाइटवाली कंपनी त्याचे वीस हजार मागते आहे, तर सरकारी शुल्क नाममात्र आहे. तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा.

पुढे कधी वेबसाइट केलीत तर डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवरून घ्या. या कंपनीच्या कोटेशनमध्ये ते त्यांच्या नावावर आहे, म्हणजे दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची रक्कम ते सांगतील तीच द्यावी लागेल. विमा कंपनीचे दोन आकडे लेखी आले की मला पाठवा, पेड-अप की सरेंडर ते तेव्हा नक्की करू. आजपासून मार्चअखेरपर्यंत ते मागून घ्या, म्हणजे जूनच्या आत अर्ज करायला वेळ राहील.