सोशल मीडियापासून ब्रेक घ्यायचाय, खातं डिलीट करावं का?

डिलीटची घाई करू नका. इन्स्टाग्राम, फेसबुकवर खातं तात्पुरतं बंद ठेवता येतं; फोटो, मित्रयादी सगळं जागेवर राहतं. डिलीट केलंत तर ३० दिवसांनंतर खातं परत मिळत नाही.

पण खरी अडचण त्यानंतरच्या रिकाम्या वेळेची, आणि ती एकट्याने निभावणं जड जातं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने २०२२ मध्ये यावर फार चांगला तोडगा काढला: संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की दीड तास अख्ख्या गावात टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला, गप्पांना. मला हेच पटतं. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक वेळ ठरवा, आईबाबांसकट. व्हॉट्सॲप शाळा-ऑफिससाठी राहू द्या, बाकीचे ग्रुप म्यूट करा.